सरगुंड्याच्या वेबसाइटचं बारसं

...अन् एकेरी! तुम्हाले सांगते, एकेरी! मी सकाळी अंगण झाडून राह्यली, पदर खोचलेला, केसाचं टोपलं झालेलं, अन् फाटकापुढं एक पांढरी गाडी येऊन थांबते, तिच्यातून काळा चष्मा लावलेला, माह्या लेकीच्या, पायलच्या वयाचा पोरगा उतरते, अन् मले, माह्याच दारात, माह्याच हातात खराटा असताना म्हनते, "नलू इथंच राहते का?" नलू! नलूबाई नाही, नलूमावशी नाही, काकू नाही, नुसतं नलू! अहो, माह्या नवऱ्यानं इतक्या वर्षात चार लोकायपुढं मले नलू म्हनलं नाही, थे अजून "आयकलं का" म्हनते, अन् हा कालचा पोरगा...! म्हनलं, काय काम हाय? तं म्हनते, "सरगुंडे घ्यायचे होते." म्हनलं, सरगुंडे बाजूले भेटते, थे हे घर नाही. तं हसून म्हनते, "हो, बाजूलाच. पण आधी नलू सापडायला हवी ना!"

पाह्यलं? मी सापडाले पायजे! अन् हा काही एकटा नाही, हे रोजचं झालं. नागपूरचा येते, नांदेडचा येते, कुरिअरवाला येते, बसस्टँडवरचा पानठेलेवाला तं आता मान वर करून बी पाहत नाही, नुसतं बोट करते माह्या घराकडं. मी काय पान्याची टाकी हाय? का यस्टीचा थांबा हाय? अन् ज्या नावापायी हे सारं झालं, थे नाव ठेवताना... मले कोनं इचारलं? सांगा नं! मले कोनं इचारलं?

बसा. चहा मांडते थोड्या वेळानं, पन मंधात उठू नका, मंधात उठलं का माह्या डोक्यातलं सारं सांडते.

तं माह्या बाजूचं घर हाय रामसिंगभाऊचं. थे फुलसावंगीकडच्या तांड्यावरचे, शेती अजून तिथंच, लेकरायच्या शाळेसाठी महागावात घर केलं. भाऊ सकाळी फटफटीवर शेतात जाते, संध्याकाळी येते. बायको हंसाबाई, लेक ट्रकवर, थो कधी सुरतले तं कधी हैदराबादले, अन् सून उज्ज्वला. सून म्हंजे काय सांगू! हुशार, हसरी, अन् हाताले एक मिनिट बसू देत नाही. थिनं सरगुंड्याचा धंदा चालू केला. सरगुंडे ठाऊक हाय नं? नाही?! अरे माय व! म्हंजे रस कशासंगं खाता तुम्ही? गव्हाची कनिक घ्याची, चांगली मळाची, काडीवर गुंडाळत न्याची, मंग काडी अल्लाद वढून घ्याची, बोटभर पोकळ नळी राह्यते, थे उन्हात वाळवाची. उन्हाळ्यात शिजवाची, अन् आंब्याच्या रसात... राहू द्या, माह्याच तोंडाले पानी सुटलं. तं हे सरगुंडे वळाले उज्ज्वलाले कोनं शिकवलं? म्या. पयल्या दिवशी थिच्या हातची नळी चपटी होऊन राह्यली होती, रडाले आलती पोरगी, म्हनलं रडू नको व, काडीले थोडं तेल लाव. आता थिच्या हाताखाली गल्लीतल्या सात-आठ बाया बसते. पन नाव ठेवाची येळ आली तवा मले...! जाऊ द्या. येतेच तिथं.

झालं असं का नागपूरच्या एका मोठ्या दुकानवालीनं उज्ज्वलाचे सरगुंडे खाल्ले. फोन आला. बाई म्हने, "माल मस्त आहे, आमच्या दुकानात ठेवते, पण पाकिटावर वेबसाइट छापलेली पाहिजे, आणि रसाच्या सीझनच्या आधी माल पोचला पाहिजे. नंतर मला उपयोग नाही." आता बरोबरच हाय, रस संपल्यावर सरगुंडे कोन खाते? इकडं रामसिंगभाऊनं बी बजावून ठेवलं होतं. मानूस वाईट नाही, पन एकदा बोलला का बोलला. "सूनबाई, यंदा जमलं तं जमलं. नाही तं घर बंद करू, तांड्यावर चला, शेतात मानसं पायजेच हाय." म्हंजे पाहा, वेबसाइट होईन तं धंदा राह्यते, नाही तं पोरगी बाजूच्या घरातून उठून तांड्यावर जाते, अन् त्या सात-आठ बाया घरी बसते. एवढं सारं टांगलं होतं त्या एका नावाले!

मंग वेबसाइट कोन करते? माह्या मामेबहिनीचा प्रफुल्ल. बसस्टँडजवळ त्याचं कंप्युटरचं दुकान हाय, सातबारा काढते, परीक्षेचे फारम भरते, लग्नाच्या पत्रिका बी करते. त्याले बोलावला कोनं? म्या. पन थो आला, सरळ थ्यायच्या घरात गेला, अन् म्या आपली भिंतीपाशी तुरीची दाळ निवडत बसली. मी आयकत नव्हती, हं. भिंत कमरेएवढी, माह्यं तोंड तिकडं, अन् कान तोंडालेच लागून असते, त्याले मी काय करू?

प्रफुल्ल म्हने, "पयले नाव ठरवा. वेबसाइटचा पत्ता म्हंजे नाव. अन् जगात एक नाव एकालेच भेटते."

मले राहावलं नाही, म्हनलं, "जगात एकच? अरे, आपल्या एका गल्लीत तीन सिद्धार्थ हाय! हाक मारली का तिघंही येते, अन् तिघायलेही जेवाले वाढा लागते!"

"इथं तसं नाही चालत, मावशी," थो म्हने. "नाव लहान पायजे. फोनवर एकदा सांगतलं का समोरच्याले लिहिता आलं पायजे. मंधात आकडे नको, आडव्या रेघा नको. अन् उद्या सरगुंड्यासंगं लोणचं विकलं तरी पुरलं पायजे."

एवढ्या अटी तं पायलच्या लग्नात पोराकडच्यायनं टाकल्या नव्हत्या!

रामसिंगभाऊ मिशीवरून हात फिरवून म्हने, "यात काय इचार कराचा? आमच्या तांड्याले माह्या आजाचं नाव हाय, धावजी नाईक तांडा. दुकानाले बी धावजी." प्रफुल्लनं टकटक केलं. "गेलं, काका." "कुठं गेलं?" "कोनीतरी घेतलं हाय." भाऊ उभेच झाले! "माह्या आजाचं नाव? कोनं घेतलं? कोन्या गावचा हाय थो? पत्ता दे त्याचा!" अन् खरंच चप्पल शोधाले लागले, सांगते तुम्हाले! प्रफुल्ल म्हने, काका, बसा, थो गुजरातेत असन नाही तं अमेरिकेत असन, फटफटी तिथंलोक नाही जात. मंग भाऊनं त्या नावाले एकेक डबा जोडत नेला. धावजी नाईक, गेलं का? मंग धावजी नाईक तांडा? मंग धावजी नाईक तांडा सरगुंडे-मुंगवड्या गृहउद्योग महागाव? प्रफुल्ल म्हने, "हे मोकळं हाय, काका. हे जगात कोनीच घेतलं नाही." भाऊ खूश! उज्ज्वला हळूच म्हने, "बापू, हे फोनवर सांगेस्तोवर रस नासन."

मंग उज्ज्वलाच म्हने, सरळ सरगुंडे डॉट कॉम पाहा. प्रफुल्लनं मुंडी हालवली, उद्या लोणचं विकाचं झालं तं अडचन होईन, पन टाकून पाह्यलं... अन् मोकळं! बापा! पोरगी टुनकन उडालीच! प्रफुल्ल म्हने, घेऊन टाकू, आत्ताच घेऊन टाकू. अन् तेवढ्यात हंसाबाईनं हात आडवा केला. "उर्वशी येईपर्यंत नाही."

उर्वशी म्हंजे हंसाबाईची लेक, उज्ज्वलाची ननंद, कळंबले देली हाय. प्रफुल्ल म्हने, थ्यायचा काय संबंध? तं हंसाबाई म्हने, "नवीन जीव घरात येऊन राह्यला. नाव ठेवाचा मान आत्याचा. आत्या येईन, कानात सांगन, मंगच नाव!"

आता हे थिले शिकवलं कोनं? तांड्यावर कसं असते मले ठाऊक नाही, पन आमच्या गल्लीत बारसं झालं का म्या थिले बाजूले बसवून सांगे, पाह्य हंसाबाई, ही आत्या, हिच्याबिगर नाव नाही. थे थिनं असं पक्कं धरलं! प्रफुल्ल हात जोडून म्हने, "काकू, हे नाव बाजारात उघडं पडलं हाय, कोनीही उचलून नेईन." हंसाबाई म्हने, "लेकराचं नाव कोन चोरते रे?"

मंग काय, उर्वशीच्या पोरायची परीक्षा, थे पुढच्या शुक्रवारी येनार. तोवर बारशाची तयारी! पाळणा कोनाचा? माहा! पायलचा पाळणा म्या माळ्यावरून काढला, धुतला, झेंडूच्या माळा बांधल्या. घुगऱ्या कोनं शिजवल्या? म्या. अन् नाव काय ठेवाचं थे मले...! हाव, म्हनत नाही आता, तुम्हालेच पाठ झालं असन.

शुक्रवारी उर्वशी आली. पाळण्यात उज्ज्वलाचा मोबाइल निजवला, खाली दुपटं, अंगावर लहान शाल. हसू नका! बाया गोळा झाल्या, उर्वशी वाकली, मोबाइलच्या कानात, आता मोबाइलले कान कुठं असते मले नका इचारू, तीनदा म्हनलं, "सरगुंडे डॉट कॉम," अन् बायायनं थिच्या पाठीवर असे धपाटे घातले कुर्रर्र करून का थिचा श्वासच अडकला. घुगऱ्या वाटल्या. रामसिंगभाऊ म्हने, हं, आता घे रे प्रफुल्ल. प्रफुल्लनं टाकलं. थांबला. पुन्हा टाकलं. अन् त्याचं तोंड उतरलं. "गेलं," थो म्हने. "काल गेलं. कोनीतरी घेतलं."

पाळणा हालवनारीनं दोरी सोडून देली. अन् मंग सारे हळूहळू माह्याकडं पाहाले लागले. माह्याकडं कायले? म्या कोनाले सांगतलं? गिरणीवर सांगतलं, तिथं तं सांगाच लागते, दळन होईस्तोवर बाईमानूस गप बसन का? यस्टीत बाजूच्या सीटवालीले सांगतलं, थे उमरखेडची, थिले काय कळते! अन् बचत गटाच्या ग्रुपवर टाकलं, हार घातलेल्या पाळण्याच्या फोटोसंगं. बास! एवढंच! आता एवढ्यानं कोनी नाव नेते का?

उर्वशी नाकाले पदर लावून बसली. "माह्या हातानं ठेवलेलं नाव टिकलं नाही, वहिनी मनात काय म्हनन!" मंग म्हने, चिंतामणी पाहा. कळंबचीच नं थे! तिथं चिंतामणी गणपतीचं देऊळ, म्हनून सारं चिंतामणी, चिंतामणी किराणा, चिंतामणी मेडिकल, चिंतामणी पंक्चर. प्रफुल्लनं पाह्यलं. गेलं. उज्ज्वलाचं स्वतःचं नाव पाह्यलं. गेलं. जे टाकलं थे गेलं! जग म्हंजे काय लग्नाची पंगत हाय का बापा, का आपन पोचेस्तोवर साऱ्या पत्रावळ्या धरल्या! रामसिंगभाऊ उठले, टोपी घातली, म्हने, "झालं. सूनबाई, आवराले लागा."

मी संध्याकाळी चहा घेऊन गेली. उज्ज्वला चुलीपाशी एकटीच, रिकामी काडी हातात फिरवत होती. म्हने, "मावशी, तांड्यावर जाची मले लाज नाही, थे माह्यं घर हाय. पन बायायले कसं सांगू? काल थ्यायनं नवीन पाट आनले बसाले." म्या कप थिच्या पुढं केला. म्हनलं चहा पी, थंडा होते. घरी येऊन म्या आमच्या यायच्यावर कारन नसताना वरडली. धर्मपाल बिचारे यस्टीतून रिटायर झालेले कंडक्टर, जलमभर लोकायचं आयकलं, थ्यायले सवय हाय. थे यवतमाळच्या आमच्या घराचा नकाशा पाहत बसले होते. हे बी सांगाचं राह्यलं, आमचं यवतमाळले घराचं काम चालू हाय, पायलच्या घराजवळ. स्लॅब टाकून झाला. दिवाळीले तिकडं जाचं, मी किती वर्षं मांगं लागली होती त्यायच्या!

तं म्या इचार केला, नाव आता म्याच सुचवते. डोक्यात चार चांगले नावं तयार केले. अन् तेवढ्यात फुलसावंगीले लग्न निघालं, माह्या भाचीचं, जाच लागलं. अहो, मी या गल्लीतून कधी हालत नाही! कोनाकडं पाहुने आले, कोनाचं भांडन झालं, कोनाच्या गायीले काय झालं, मले ठाऊक नाही असं होत नाही. अन् नेमकी लग्नाले गेली, अन् नेमकं तवाच...!

परत आली तं उज्ज्वला पळतच आली, हातात पाकीट, नवंकोरं. "मावशी, पयलं पाकीट तुम्हाले!" म्या चष्मा लावला. वरतं सरगुंड्याचं चित्र, खाली लिहून होतं. म्या वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.

नलूच्याबाजूले डॉट कॉम!

म्हनलं, "प्रफुल्ल्याले बोलाव."

थो आला. हसत आला, मेला. म्हने, "मावशी, म्या वहिनीले इचारलं, गिऱ्हाईक फोनवर काय म्हनते? वहिनीनं मोबाइल दाखवला. पुसदवाली लिहिते, थे नलूबाईच्या बाजूले सरगुंडे भेटते थेच का? कुरिअरवाला पत्ता इचारते तं वहिनी सोताच सांगते, नलूबाईच्या घराच्या बाजूले. घर नंबर सांगतला तं कोनी येतच नाही. अख्ख्या महागावात ह्या दुकानाचं नाव पयलेपासून तेच हाय, आपन कायले पाळणे हालवून राह्यलो? मंग म्या टाकलं, नलूबाईच्या घराच्या बाजूले. मोकळं निघालं, पन लांब झालं. म्हनून 'घराच्या' काढलं."

"माह्यं घर काढलं?"

"तरी लांबच होतं. मंग 'बाई' काढली."

"बाई काढली?!"

"नाव लहान पायजे नं, मावशी."

म्हनलं, भाड्या, उभ्या जलमात एक बाई कमावली होती म्या नावापुढं, थे बी तू कापून टाकली! जगात एवढं एकच नाव मोकळं होतं? तं म्हने, "मावशी, जगात नलू लय असन, पन थिच्या बाजूले दुकान कोनी टाकलं नाही." अन् मले, जिचं नाव थिले, मले कोनं इचारलं? तं म्हने, "तुम्ही लग्नात होत्या, फोन लावला तं बँडचा आवाज येत होता. थांबलो असतो तं हे बी गेलं असतं."

मी तशीच उठली अन् तनतनत बाजूले गेली. आज सोडनारच नव्हती! म्हनलं, उज्ज्वला, हे नाव काढ, आत्ताच्या आत्ता काढ, आता मले रस्त्यावरचे पोरं एकेरी हाका मारन. उज्ज्वला पाकिटं भरत होती, भवती साऱ्या बाया, नवे पाट. नागपूरचा माल निघाला होता, टेम्पो दारात. थिनं हात पुसले अन् म्हने, "मावशी, रागवा, पन एक आयका. काल बापू म्हनले, धंदा लागला तं बरंच झालं, आता तांड्यावर मोठी जागा हाय, तिकडंच चला, तिथूनच पाठवू माल. म्या म्हनलं, बापू, कसं जाता? पाकिटावर लिहून हाय, नलूच्या बाजूले. तांड्यावर नलू कुठं हाय?"

"मंग? काय म्हनले भाऊ?"

"काय म्हनन? पाकीट उलटंपालटं करून पाह्यलं, अन् म्हनले, छापलं हाय तं राहाच लागन."

आता सांगा, याच्यावर काय बोलाचं? म्या इतका वेळ तोंडात जमवलेला सारा राग तसाच गिळला, अन् म्हनलं, त्या पाकिटाले डिंक नीट लाव, कोपरा उघडून राह्यला. अन् आली घरी.

घरी आमचे हे बसलेले, पुढं तोच नकाशा. हळूच म्हने, "आयकलं का... थे इथंच राह्यनार म्हंजे तुमच्या नावावर. तं मंग आपलं यवतमाळचं कसं?"

अन् माह्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. अहो, मी गेली तं? गाडीवाला येईन, नलू कुठं हाय? यवतमाळले. मंग सरगुंडे कुठं? नलूच्या बाजूले. म्हंजे यवतमाळले! अन् आमच्या त्या घराच्या बाजूले हाय सिमेंटचं गोदाम! उज्ज्वला अडकली माह्यात, अन् मी अडकली उज्ज्वलात! म्हनलं, तिकडचं घर भाड्यानं देऊन टाका. थे म्हने, "अन् तुमचं यवतमाळ?" म्हनलं, कशाचं यवतमाळ? मानूस घर बदलते, पत्ता कुठं घर बदलते?

पायलचा फोन आला तं थे हसूनच मेली. म्हने, आई, लोकायची वेबसाइट असते, तू तं सोताच वेबसाइट झाली. हसते! माह्याच पोटची! तिथं नवं घर, हवेशीर, नळाले चोवीस तास पानी, सारं सोडलं म्या, अन् कोनासाठी, तं एका नावासाठी, जे ठेवताना मले...

आयकलं? फाटक वाजलं. बसा, बसा, उठू नका, माह्यासाठीच हाय. पाहा नं, नाव ठेवताना एकाही मानसानं इचारलं नाही, अन् आता साऱ्या मुलखातून मानूस येते तं पयले मलेच इचारते...

"नलू इथंच राहते का?"

राह्यते, बापा, राह्यते. इथंच राह्यते. आता कुठं जाते!